शेवटच्या कडव्यातलं नाव

फेब्रुवारी १९९८, रविवार. डोंगरकड्याचं समाजमंदिर. हजर: गाणी रचणारे तिघे, म्हणजे गोरेगावचे एसटी कंडक्टर, गावातले शिंपीदादा आणि सिद्धेश्वरहून पहिल्यांदाच आलेल्या अक्का, एक पेटीवाला, आणि वही घेऊन मी. ढोलकीवाला 'निघालोच' असा निरोप देऊन आलाच नाही. वेळ दहाची होती. सुरू व्हायला पावणेबारा वाजले, कारण समाजमंदिराची किल्ली ज्याच्याकडे, तो हळद शिजवायला शेतात गेला होता.

महिन्यातून एकदा ही मंडळी जमत, नवी गाणी म्हणत आणि एकमेकांच्या ओळींची चिरफाड करत. गाणी वहीत उतरवायचं काम मी अंगावर घेतलं होतं, दुसरं कोणी घेतलं नसतं म्हणून. शाळेत हजेरीपट सांभाळणाऱ्या बाईला त्यात नवं काही नव्हतं. रकाने आखलेले: गाणं, चाल, रचणाऱ्याचं नाव. आमच्याकडे रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. तेव्हा माझा नियम सोपा होता. शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, गाणं त्याचं.

कंडक्टरांनी सुरुवात केली. 'पाटाचं पाणी गं दारावरून जातं, घागर माझी रिकामी.' चार कडवी ऐकत राहावी अशी. पाचव्यात त्यांचं नाव आलं. मी ते रकान्यात लिहिलं.

शिंपीदादा म्हणाले, "शेवटलं कडवं वरून ठिगळ लावल्यावानी वाटून राहिलं."

"तुमी बाह्या शिवा दादा, गाण्याचं आमी बघतो."

यावर अर्धा तास गेला. मी दोनदा घड्याळ दाखवलं. मग भिंतीला टेकून बसलेल्या अक्का म्हणाल्या, "ठिगळच हाय. वरची चार कडवी माझी हायेत."

पेटी थांबली. कंडक्टर गोंधळले, पण खोटं बोलले नाहीत. "सिद्धेश्वरला एका लग्नात बाया म्हणत होत्या. शेवटी नाव नव्हतं. मला वाटलं, बेवारस हाय."

"अक्का, तुम्ही नाव काहून नाही घातलं?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"रानात तण निंदताना केलं, बाई. संगं धा जणी व्हत्या. त्या वळखत व्हत्या मला. नाव कोनाला सांगू?"

मी वही मागं उलटली. अक्कांनी एकेक गाणं ऐकून मान हलवली. आणखी दोन त्यांची निघाली, दोन वेगळ्या नावांवर, माझ्याच नीटनेटक्या अक्षरात. अक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं गाणं त्यांचं आहे हे सांगणारा कागद एकच, माझी वही. आणि तीच उलटं सांगत होती.

"आत्ताच नाव घाला, मी खोडून लिहिते," मी म्हणाले.

"असं मागून कडवं येतं व्हय? आलं की सांगते."

कंडक्टर म्हणाले, "तोवर माझं ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. तिकीट न काढता बसलात, उतरवीन मी."

सगळ्यात मोठ्यानं कंडक्टरच हसले. मला हसू आलं नाही. मी त्या पानावर चार ओळींची जागा सोडली आणि पुढच्या महिन्यापासून अक्कांना दर वेळी विचारू लागले. दर वेळी 'अजून न्हाई'.

दोन हजार एक साली गोरेगावच्या जीपस्टँडवर त्या भेटल्या. हातात पिशवी, सेनगावची जीप भरत आलेली. "बाई, ते शेवटलं कडवं झालं. घ्या लिहून."

वही घरी होती. मी सुट्या चिठ्ठीवर काही लिहीत नाही. चिठ्ठ्या हरवतात, हे मी शाळेत पोरांना रोज सांगत होते. म्हणाले, "रविवारी या, वहीतच घेते."

"बरं," म्हणून त्या जीपमध्ये चढल्या.

रविवारी त्या आल्या नाहीत. गुडघे धरले होते, पुढं सिद्धेश्वरबाहेर निघणंच बंद झालं. कंडक्टर आता ते गाणं चार कडव्यांवर सोडतात. लोक पुढचं मागतात, तर सांगतात, "पुढलं अक्काकडं हाय, बाई आनून राहिल्या."

बाई शाळेच्या तपासणीत, मग जनगणनेत, मग निवडणुकीच्या यादीत. प्रत्येक वर्षी कामांच्या यादीत पहिल्या नंबरावर मी एकच ओळ लिहिते: सिद्धेश्वरला जाणे, वही नेणे. यंदाच्या यादीतही ती आहे, खूण न केलेली. पानावरच्या चार ओळी कोऱ्या आहेत आणि रकान्यात अजून कंडक्टरांचंच नाव आहे.