तो ताप नव्हता

आळेफाट्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी माझ्या बायकोच्या अंगावरची घोंगडी ओढून काढली, मग कपाळाला हात लावला. नर्सला म्हणाले, "पंखा, बर्फ, ओल्या चादरी." मग माझ्याकडे वळले. "हा ताप नाही. हीट स्ट्रोक आहे." म्हणजे उष्माघात.

घोंगडी मीच घातली होती.

आमच्या बोरी गावात मोबाइलला रेंज यायच्या आधीची ही गोष्ट. एप्रिल संपत आला होता, आभाळ दाटत होतं आणि कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भरायचा राहिला होता. शालन सकाळपासून तापलेल्या पत्र्याखाली पाट्या ओतत होती. दुपारी ती मटकन खाली बसली आणि काहीबाही बरळू लागली. अंग तव्यासारखं, पण कोरडं.

आदल्या वर्षी मला हिवताप झाला होता. तेव्हा शालननं घोंगडी घातली, गोळी दिली, घाम फुटला आणि ताप उतरला. मीही तेच केलं. शेजारच्या राधाक्का म्हणाल्या, "भाऊ, हिला हुडहुडी न्हाई, मंग घोंगडी कशाला?"

"तुमी कवा डाक्टर झाला, आक्का?" मी म्हणालो. घामाची वाट बघत मी तासभर घालवला. मग तिला झटका आला आणि जीप शोधायला धावलो.

चार दिवस ती शुद्धीवर नव्हती. मी बाहेरच्या बाकावर. झोप नाही, भूक नाही, कोणी विचारलं तर "ऊन लागलं" एवढंच सांगायचो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मेंदूत हायपोथॅलॅमस नावाची जागा असते. अंग किती गरम ठेवायचं ते ती ठरवते. शरीरात जंतू शिरले की मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि तिथला आकडा वर सरकतो. अंग त्या आकड्यापर्यंत पोचेतो थंडी वाजते. तो ताप. गोळी ते रसायन बनू देत नाही, आकडा खाली येतो, घाम फुटतो. यांच्या मेंदूनं आकडा वाढवलाच नव्हता. उष्णता बाहेरून आत कोंडली होती. तिथं गोळी काय करणार?"

घोंगडीबद्दल ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शालन वाचली. पण सेरेबेलम, म्हणजे तोल सांभाळणारा लहान मेंदू, दुखावला होता. ती आजही भिंत धरून चालते. जीभ जड झाली आहे. एकेक शब्द वेगळा काढावा लागतो.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. उन्हात किंवा पत्र्याखाली राबलेलं माणूस तापलं आणि बरळू लागलं, तर पांघरूण घालू नका. शुद्ध नसेल तर तोंडात गोळी-पाणी घालू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

आक्कांनी हटकलं तरी तासभर घोंगडी काढली नाही, हे मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारचं शालनला काहीच आठवत नाही, म्हणून तिलाही नाही. सहा वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात ओट्यावर लसूण सोलताना घोंगडीचं सगळं सांगून टाकलं.

तिनं हातातली पाकळी सोलून पुरी केली. मग म्हणाली, "मी... काय म्हनत... व्हते तवा?"

खोटं बोलता आलं असतं. "काडा, काडा म्हनत व्हतीस. मला वाटलं, बरळतीस."

"मंग... काडायची... व्हती ना."

एवढंच. रागानं नाही. पाकळ्या वाटीत टाकून ती पुढचा गड्डा फोडू लागली.

आता ती बोलू लागली की मी हातातलं काम खाली ठेवतो. तिचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो. मी थांबतो.