धोंड्याच्या महिन्यातली ढेप

मी आयुष्यात एकदाच गुराची ढेप, म्हणजे पेंड, चावून खाल्ली आहे, आणि तीही सासुरवाडीला, धोंड्याच्या महिन्यात!

धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय खाऊ घालतात, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. पुरणाचे धोंडे, अनारसे, वरून वाटीभर तूप. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता साक्षात नारायण. (एरवी हा नारायण अमरावतीत गॅसचं सिलिंडर सायकलला बांधून आणतो आणि शाळेत भूगोल शिकवतो.) नारायणाला कुणी नाही म्हणायचं नसतं. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

कापसानं लागोपाठ दगा दिल्याची ती वर्षं. जो तो दुसरं काहीतरी शोधत होता. कुणी कोरफड लावली, कुणी ससे पाळले. (ससे वाढले, गिऱ्हाइकं वाढली नाहीत.) अकोल्याकडच्या माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, घराच्या मागच्या चांगल्या काळ्या जमिनीत शेततळं खोदलं आणि त्यात रोहू-कटल्याची पिल्लं सोडली. गाव हसलं. "म्हातारा पान्यात पेरनी करून राह्यला!" मामाजी ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. भर पारावर उभं राहून त्यांनी सांगून टाकलं, "संक्रांतीले जाळं टाकतो. मासा किलोचा नाई निंगाला तं तळं बुजवतो अन् पुन्हा कापसाची पऱ्हाटी लावतो!"

म्हणजे आता तळं राहणार की जाणार, हे माशांच्या पोटावर ठरणार होतं. आणि माशांचं पोट कशानं भरायचं? बाजारचं खाद्य महाग, त्यात सुकवलेल्या मासळीची भुकटी. स्वस्तातलं पर्यायी खाद्य हवं होतं. योगायोगानं अमरावतीच्या एका प्रदर्शनात याच विषयावरचं पत्रक माझ्या हाती आलं होतं. (भेळवाल्यानं भेळ त्यातच बांधून दिली होती.) त्यामुळे या विषयातला मी अर्धा तज्ज्ञ. उरलेलं अर्धं ज्ञान भेळेच्या तेलात गेलं. शिवाय मी मासे खात नाही, तेव्हा माझा निकाल निःपक्षपाती असणार हेही उघड होतं.

"मामाजी, खाद्याची पारख माझ्याकडे लागली!"

"वाऽ! घरात शिकेल मानूस असल्यावर कायची चिंता?" मामाजी म्हणाले. धोंड्याचा महिना! दुसरं काय म्हणणार?

शेजारच्या वावरातले सलीमभाई तेलघाणी चालवायचे. त्यांच्याकडून सरकीची, शेंगदाण्याची, जवसाची ढेप आणली. घरची तुरीची चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि सोयाबीनचा भरडा होताच. तळ्याच्या बांधावर सतरंजी घालून मी ढीग मांडले. वास घेतला. बुरशी पाहिली. सासूबाईंचे पाहुण्यांसाठी राखलेले ग्लास मागवून त्यात ढेपेचे खडे टाकले आणि कोणता किती वेळात विरघळतो ते पाहत बसलो. पत्रकात पुढची ओळ होती, 'कडवट लागते का ते पाहावे.' कुणी पाहावे, ते तेलात गेलं होतं. मी सरकीच्या ढेपेचा एक तुकडा उचलला आणि चावला.

नेमके तेव्हाच सलीमभाई बांधावर उगवले.

"काहून जावाईसाब, घरात जेवाले नाई देत काय तुमाले?"

सासूबाई, म्हणजे मामी, घागर घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा त्या घागरीच्या आतल्या बाजूसारखा काळोखा झाला.

"मायबाई! धोंड्याच्या महिन्यात माहा जावाई ढेप खाऊन राह्यला! आता लोक काय म्हनतीन?"

लोक म्हणायचं तेच म्हणाले. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की जावई उपाशी आहे आणि गोठ्याकडे पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मामींनी त्या रात्री मला इतके धोंडे वाढले की दुसऱ्या दिवशी मला बांधावर चढवायला दोन माणसं लागली!

पण मी मागे हटलो नाही. स्वतःचं मिश्रण तयार केलं. सरकी ढेप, जवस ढेप, चुनी, भरडा, आणि माझा खास शोध म्हणून मूठभर मेथी. लहानपणी आई मेथीचे लाडू द्यायची, त्यानं अंग धरतं, हा माझा शास्त्रीय आधार. गोल गोल लाडू वळताना बायको, कुंदा, कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अहो, तळ्यातल्या मासोळ्या बाळंतीन होऊन राह्यल्या काय?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मले नाई कळत. पन मासोळीले कळते का नाई, ते पाहा."

तेच पाहायचं होतं. बांबूला दोर बांधून तीन टोपल्या तळ्यात सोडल्या. एकीत बाजारचं खाद्य, दुसरीत मामाजींच्या आवडीची शेंगदाण्याची ढेप आणि तांदळाचा कोंडा, तिसरीत माझे लाडू. रात्री सोडायच्या, सकाळी वर ओढायच्या. जी टोपली रिकामी, ती माशांना पसंत. यात चूक होण्यासारखं काय होतं?

पहिल्या सकाळी टोपल्या वर आल्या. बाजारचं खाद्य अर्धं संपलेलं. मामाजींची टोपली काठोकाठ. आणि माझी? चाटूनपुसून साफ!

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच! मी बांधावर अक्षरशः नाचलो. मामाजींनी सगळ्या गावादेखत माझी पाठ थोपटली, "पाहा बे! याले म्हनते पारख!" मामींनी पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, आनंदाश्रू. सलीमभाई तेवढे दाढी कुरवाळत माझ्याकडे आणि आभाळाकडे आळीपाळीनं पाहत राहिले.

धोंड्याचं वाण, चांदीचा दिवा आणि जगज्जेत्याचा चेहरा घेऊन मी अमरावतीला परतलो. फोन केला की मामाजी सांगायचे, "तुमी सांगतलं तसंच चालू हाय. मेथीचा दानाही कमी नाई!" अधूनमधून एसटीच्या कंडक्टरबरोबर मामींचा डबा यायचा. त्यात खवा, तूप, एकदा तर अख्खी बरणीभर साय. मासे पाळणाऱ्या घरातून एवढी साय कुठून येते, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी खात गेलो.

संक्रांत आली. जाळं पडलं. सगळं गाव बांधावर. मी नव्या सदऱ्यात, पुढे. जाळं ओढलं आणि वर आले ते... तुम्ही उदबत्ती पाहिली आहे? तिला डोळे आणि शेपटी लावा. कित्येक मासे जाळ्याच्या भोकांतून दोरा ओवल्यासारखे निघून परत तळ्यात गेले!

तेवढ्यात गोठ्यातून म्हैस रेकली. सगळ्यांनी वळून पाहिलं. चांदी म्हैस. धोंड्याच्या महिन्यात नुकतीच व्यायली होती, तेव्हा तिच्या बरगड्या मोजता यायच्या. आता ती दारात मावत नव्हती. अंगावर तेलाची झळाळी, आणि डोळ्यांत माझ्याविषयी निखळ कृतज्ञता.

सलीमभाईंना राहवेना. "जावाईसाब, एक बात पूछू? वो तीन दिन, फजरच्या नमाजाच्या टायमाले, पयले भाभी येत, तुमची टोपली उचलून म्हशीम्होरं रिकामी करत. मंग भाऊ येत अन् आपल्या टोपलीत ढेप भरून जात. मले वाटलं, तुमच्या धोंड्याचा काई विधी असन!"

मामाजी मामींकडे पाहू लागले. मामी मामाजींकडे.

"तुमी टोपली भरत होते?"

"अन् तू रिकामी करत होती?"

"मंग काय करू? पयल्याच दिशी पाहालं तं एकही लाडू हालला नव्हता. धोंड्याच्या महिन्यात जावयाची टोपली हारू देऊ काय?"

"अन् माही तं मासोळ्यायनं चाटून खाल्ली होती. जावयाले हरवून मी कोन्या नरकात जाऊ?"

मी अमरावतीला गेल्यावरही खाद्य तेच चालू राहिलं होतं. मासे खात नाहीत म्हणून मामी उरलेले लाडू गोठ्यात नेत, आणि मामाजी 'जावयानं सांगतलं' म्हणून त्यात बदल करत नसत. त्या लाडवांवरच्या सहा महिन्यांच्या सायीनं माझंच पोट सदऱ्याची बटणं ताणत होतं!

मग मामाजी हसले. बांधावर बसून, गुडघ्यावर थापा मारत. त्यांचं ते हसणं अजून माझ्या कानात आहे, ते स्वतः आता नाहीत तरी. "तळं नाई बुजवत!" ते गावाला ओरडून म्हणाले. "माहा मासा उपाशी होता, नापास नोता! उन्हाळ्यात या पाहाले." त्या दिवसापासून शेंगदाण्याची ढेप आणि कोंडा सुरू झाला. उन्हाळ्यात, पाणी आटायच्या आत, पहिला किलोचा रोहू निघाला, आणि तळं राहिलं.

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला. मी पाटावर बसलो. मामी आरतीचं ताट घेऊन आल्या आणि माझ्यासमोरून सरळ गोठ्यात गेल्या. आधी चांदीला ओवाळलं, कुंकू लावलं, मग मला. मामाजी गंभीरपणे म्हणाले, "रागावू नोका. पारख तिनं केली, मान तिचा पयला." ताटात धोंड्यांच्या शेजारी एक तुपातला मेथीचा लाडू होता. मी सवयीनं त्याचा वास घेतला, तुकडा तोडला आणि चावून पाहिला.

कुंपणापलीकडून सलीमभाईंचा आवाज आला, "काहून भाभी, अजून ढेपच चारून राह्यल्या काय जावयाले?"

मी मान वर केली नाही. लाडू संपवला आणि दुसरा मागितला. चांदीनं मात्र त्या वेळी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती आपल्या ताटात कुणी हात घातल्यावरच येते.