बल्लारपूर स्टेशनच्या बाकड्यावर

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो. माणसातला ‘मी’ आधीपासून तयार नसतो, स्वतःबद्दल सांगता सांगताच तो घडतो, आणि कसा घडेल हे ऐकणाऱ्यावरही अवलंबून असतं, हे एम.ए.च्या मुलांना दरवर्षी समजावतो. कबुलीजबाबाची, मनोविश्लेषणाची उदाहरणं देतो. स्वतःवर कधी ही वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

बाबा वारले आणि माझी झोप उडाली. बायकोने बरंच समजावल्यावर एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागलो. त्या फार कमी बोलायच्या. बाबांबद्दल विचारलं तेव्हा मी बल्लारपूर स्टेशनची आठवण सांगितली. बाबा तिथल्या कागद कारखान्यात कामाला होते. एकदा मला फलाटावरच्या बाकड्यावर बसवून ते गेले आणि अंधार पडला तरी आले नाहीत. सांगताना मला रडू कोसळलं. बाई पुढे झुकून ऐकत होत्या. त्यानंतर मी दर वेळी त्याच बाकड्यापाशी येऊ लागलो. मी असा का झालो, कोणावर विश्वास का टाकत नाही, सगळ्याचं उत्तर तिथे सापडत होतं.

धानाची कापणी आटोपल्यावर मूल शहराच्या पुढे बहिणीच्या गावी गेलो. ती माझ्याहून बरीच मोठी. अंगणात बसून तिला हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“ते तुयी गोष्ट नाई,” ती म्हणाली. “बाकड्यावर मी होती. तू तं तवा मायच्या कडेवर होता.”

मी म्हटलं, मला तर फलाटावरचा नळही दिसतो. त्यावर ती म्हणाली की नळाचं तिनेच सांगितलं होतं. मला कडेवर घेऊन फिरवताना ती हे पुन्हा पुन्हा सांगायची. दुसऱ्या कोणाजवळ बोलायची सोय नव्हती आणि मला काही कळत नव्हतं.

मला ओशाळल्यासारखं झालं. मग मी तिला विचारलं, बाबा गेले कुठे होते? तिला माहीत नव्हतं. तिने त्यांना कधी विचारलंच नाही. परत आले तेव्हा त्यांनी तिला उचलून घेतलं आणि घरापर्यंत खाली ठेवलं नाही, एवढं मात्र तिने आता सांगितलं. हे मी कधी ऐकलं नव्हतं.

बाईंना मी खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. तुमचं स्वतःचं काय आठवतं, एवढंच त्यांनी विचारलं. मला काही आठवेना. तो पूर्ण तास मी जवळजवळ गप्प बसलो, आणि त्या दिवशी घरी येऊन दुपारीच गाढ झोपलो.

काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, “मले नेशीन काय त्या बाईकडं?”

मी नेलं. ती आत गेली आणि मी बाहेर खुर्चीवर बसलो. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तिला भूक लागली होती, म्हणून आम्ही आधी जेवायला गेलो.