डब्यावरचं माझं नाव

गोडसर, उग्र, टाळूला जाऊन चिकटणारा एक वास असतो. तुम्हालाही तो कधीतरी आला असेल. सत्तरच्या दशकात आमच्या बेळगुंदीच्या शिवारात, भात पोटरीला आलं की तो सकाळच्या धुक्यासारखा खाली बसून राहायचा. फवारणीच्या त्या द्रवाला आम्ही सगळे ‘औषध’ म्हणायचो, आणि किती श्रद्धेने! कीड पटापट मरायची. मग बांधावरचे पक्षी, ओढ्यातले मासेही दिसेनासे झाले. पण त्या शांततेचा अर्थ विचारायला सवड होती कुणाला?

मला होती, असा माझा समज. मी बेळगावात शिक्षक. वाचनालयात या विषाविषयी मिळेल ते वाचून अस्वस्थ झालो आणि एका साप्ताहिकात लांबलचक लेख लिहिला. रिकामे डबे घरात वापरू नका, ठेचून पुरून टाका, असंही त्यात बजावलं होतं. वाचकांची पत्रं आली, दोन गावांत सभा झाल्या, लोक प्रश्न विचारू लागले. मी हुरळून गेलो, खोटं कशाला सांगू!

त्याच सुमारास गावातली माझी थोरली बहीण, आक्का, आजारी पडली. उलट्या, घाम, थरथरणारे हात. घरात फवारणीचं काही असतं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. तिला दवाखान्यातून घरी आणलं आणि तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी स्वयंपाकघरात शिरलो. चुलीशेजारी गोडेतेलाचा डबा होता, राखेने घासून लखलखीत केलेला. फवारणीचाच! आणि त्यावर खळीने चिकटवलेला माझा लेख.

“तुजं नाव छापून आलंय म्हणून चांगल्या डब्यावर लावलं रं,” आक्का अंथरुणावरून म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. माझं नाव कुठे आहे तेवढं तिने शेजारणीकडून विचारून घेतलं होतं. मी तिच्यापाशी बसलो आणि अख्खा लेख वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, “एवढं समदं लिव्हलंस, मग मला आदी सांगायचं न्हाय व्हय रं?”

मी शरमेने उठलो आणि डबा उचलला.

परड्यात खड्डा खणला. पण कागद सोडवल्याशिवाय ती डबा पुरू देईना. ओल्या फडक्याने, थरथरत्या बोटांनी तिने तो उकलायला घेतला. नावापुरता कपटा निघाला. बाकीचा लेख डब्याबरोबर मातीखाली गेला.

तिचे हात पुढे कधीच स्थिर झाले नाहीत. ती गेल्यावर देव्हारा आवरताना मूर्तींमागे तो कपटा सापडला. नकळत नाकाशी नेला. इतक्या वर्षांत वास उडून गेला असणार. मला मात्र आला.