थंड लागणारी साखर

आईची शुगर वाढली, म्हणून बल्लारपूरहून गावी जाताना मी तीन वस्तू नेल्या: तपासणीचं यंत्र, गोळ्यांचा डबा आणि साखरेऐवजी वापरायच्या पांढऱ्या भुकटीचं पाकीट. त्यात एकच घटक होता, झायलिटॉल. तो मी वहीत उतरवून घेतला. साखर फारशी वाढत नाही, दात किडत नाहीत, जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, हेही लिहिलं. तरी इतकी गोड वस्तू इतकी गुणाची कशी, ही शंका होतीच.

आईने चिमूटभर जिभेवर ठेवली. "थंड लागून राह्यलं. साखर कधी थंड लागते काय?"

"चहात घाल, समजणार नाही."

"तू पेलीस काय हा चहा?"

"अजून नाही."

"मग मले काऊन देतेस?"

आईची स्वतःची परीक्षा ठरलेली होती. रानातून अनोळखी सात्या, म्हणजे अळंब्या आणल्या की पहिला तुकडा घरच्या कुत्र्याला. तासाभराने तो शेपूट हलवत असला तर बाकीच्या चुलीवर. लहानपणापासून मीही त्याच भरवशावर जेवले. तिने दोन चमचे भुकटी दूधपोळीत कालवून कुत्र्यापुढे ठेवली. मी अडवलं नाही. उलट वहीत वेळ टिपली, दहा वाजून दहा मिनिटं.

मोहफुलं वेचायचे दिवस होते. फुलांवर अस्वलंही येतात. अस्वलाचा वास या कुत्र्याला आधी लागतो, म्हणून त्याच्याशिवाय आई रानात पाऊल टाकत नाही.

अर्ध्या तासात तो ओकला. उठायला गेला तर मागचे पाय लटपटले.

"जहर आणलंस वं तू!" आई ओरडली.

मी तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि वहीतलं नाव वाचलं. "साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा. निघा लगेच," ते म्हणाले. आईने कुत्र्याला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतलं, मी स्कूटर हाणली.

सलाईन लावताना डॉक्टरांनी समजावलं. माणसाला हे प्रमाणात चालतं. कुत्र्याचं शरीर मात्र याला साखर समजून फसतं, इन्सुलिन भसाभस सोडतं आणि त्याची साखर कोसळते.

"डॉक्टरभाऊ, एकाच पुडीतलं त्याले जहर अन् मले औषध?"

"हो बाई. द्राक्षंसुद्धा कुत्र्याला चालत नाहीत."

"द्राक्षं मलेच कुठी भेटते?"

मला भलतीच धास्ती बसली. त्याचं शरीर आपल्यापेक्षा इतकं वेगळं, तर त्याला पचलेल्या सात्या आम्हाला मारक ठरल्या असत्या तर?

तिसऱ्या दिवशी कुत्रा घरी आला. या भुकटीने कुत्र्याचं यकृतही बिघडू शकतं, म्हणून त्याची तपासणी पुन्हा करायची होती आणि आठ दिवस त्याला पळवायचं नव्हतं. पाकीट मी फडताळात सगळ्यात वर ठेवलं. आई चहा बिनसाखरेचाच पिऊ लागली.

पण फुलं थांबत नाहीत. उजाडताच आईने टोपली उचलली. "चाल. त्याच्या जागी तू."

"मला कुठे वास येतो?"

"ओरडता तं येते ना?"

ती झाडाखाली वाकून फुलं वेचत राहिली. मी काठी धरून झुडपांकडे बघत उभी राहिले. पान हललं की मी काठी उगारायचे, आणि फुलं अजून पुष्कळ होती.