सूर्यमाळच्या विहिरीची बातमी

जव्हारकडच्या एका कॉलेजात पत्रकारितेचा पदवी अभ्यासक्रम तपासायला आमची समिती गेली होती. कॅमेरे, माइक, हजेरी, सगळं ठीक होतं. मी मुलांनी लिहिलेल्या बातम्या मागवल्या. सूर्यमाळच्या एका मुलीने पाड्यावरची विहीर आटल्याची बातमी लिहिली होती. साधी, नेमकी. आणि तिलाच सगळ्यात कमी गुण! मी चिडून विचारलं, तर तिचे सर म्हणाले, “ती दरवर्षीच आटते हो. नवीन असेल तीच बातमी, असं पुस्तकात आहे.”

पुस्तकात तसंच होतं. आम्ही पेपरवालेही जन्मभर तेच करत आलो. गुण बदलायचा अधिकारही आम्हाला नव्हता.

दारात उभ्या असलेल्या त्याच मुलीने मला विचारलं, “सर, पुढच्या वर्षी मे संपेपर्यंत पाणी टिकलं, तर बातमी होईल का?”