वहिनी, रंग कोणता?

ईरा, निहार, तुमच्या मधुआजोबांना जाऊन सव्वा महिना झाला. मागच्या रविवारी ईराने फोनवर विचारलं, "आजी, मी त्यांना माझा गेम दाखवला तेव्हा ते एवढे का हसले?" मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते लिहूनच द्यायला हवं, आणि तेही वर्तमानपत्राच्या या रविवार पुरवणीत. मधुभाऊजी, माझे दीर, कधीकाळी इथेच लिहीत असत.

निहार, तू तेव्हा तिथे नव्हतास म्हणून सांगते. दुपारची वेळ होती. प्रताप नगरच्या घरात, खिडकीजवळच्या पलंगावर ते उशीला टेकून बसले होते. दोन वर्षांपासून त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं. ईरा तिकडून, तिच्या कामाच्या जागेवरून, व्हिडिओ कॉलवर आपण तयार करत असलेल्या गेमचं एक दृश्य दाखवत होती. एक पाणबुड्या खाली खाली जातो आहे, एवढंच. मी फोन धरून उभी होते. त्यांनी फोनच्या उजेडाकडे मान वळवली आणि विचारलं, "वहिनी, पाण्याचा रंग कोणता हाये?"

मी चष्मा पदराने पुसला, फोन डोळ्यांजवळ आणला आणि सांगितलं, "वर फुटाळ्याच्या तळ्यासारखा, दिवस मावळतानाचा. खाली जाता जाता जांभळा होतो आहे."

"खरं सांगून राहिल्या ना?"

"यावेळी खरं, भाऊजी."

आणि ते हसले. खोकला येईपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी ते झोपेतच गेले.

मी या घरात लग्न होऊन आले ती साठच्या दशकात. मधुभाऊजी तेव्हा नुकतेच एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून लागले होते. छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. "लोकाइच्या चुका काढाचा मले पगार भेटते, वहिनी," असं ते पाहुण्यांसमोर सांगायचे. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहिले. मी एम.ए. इंग्रजी, मुलींच्या शाळेत शिकवायला जाणारी. माझ्या वह्यांना समास असत, डब्यांना चिठ्ठ्या असत, आणि कोणी काही विचारलं तर मी उत्तर कोरं सोडत नसे. हा शेवटचा गुण मला शाळेत फार उपयोगी पडला. घरी त्याने काय केलं, तेच सांगायचं आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. माझा भाऊ इंग्लंडमध्ये होता. तो कपबश्या, लोकरीचे कपडे असं काहीबाही पाठवायचा आणि खोक्यातल्या रिकाम्या जागेत त्याच्या मुलाची जुनी मासिकं चुरगाळून कोंबायचा. कपबशी नीट यावी एवढाच त्याचा हेतू. मला चुरगळलेला कागद बघवत नाही. मी ती पानं कोमट इस्त्रीने सरळ करत होते, तेवढ्यात मधुभाऊजी कामावरून आले आणि माझ्या खांद्यावरून पाहत उभे राहिले.

"हे काय होय जी?"

ती व्हिडिओ गेमच्या बातम्यांची मासिकं होती. कुठल्या शहरात कुठला नवा खेळ आला, कोणी तो कसा रचला, कुठल्या खेळाचं चित्र चांगलं, संगीत कसं. स्वस्त कागद, बारीक अक्षरं, आणि फोटो सगळे काळेपांढरे. मी एक परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की खेळणाऱ्याला तीन जीव मिळतात. भाऊजी बूट न काढताच खुर्चीवर बसले. "तीन? बाप्पा! म्हंजे पहिला तं वाया घालवाचाच असते."

पुढच्याच महिन्यात त्यांनी रविवार पुरवणीच्या संपादकांना गळ घातली आणि एक अरुंद स्तंभ मिळवला. नाव होतं 'पडद्यावरचे खेळ'. खाली त्यांचं नाव छापून यायचं. वीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर तपासणाऱ्या माणसाचं नाव... पहिल्या रविवारी त्यांनी तो अंक उघडा करून सोफ्यावर ठेवला आणि दिवसभर कोणाला तिथे बसू दिलं नाही.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. गुरुवारी दुपारी, मी शाळेतून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे, ते लिहून घ्यायचे आणि मग त्यात आपलं घालायचे. मोक्षपटावर, म्हणजे मूळच्या सापशिडीवर, त्यांनी लिहिलेलं मला अजून आठवतं: आपल्या जुन्या पटावर साप गिळतो तो पापाबद्दल, या नव्या खेळात माणूस मरतो तो फक्त बोट उशिरा हललं म्हणून, दोन देश किती वेगळं भितात बघा. एकदा त्यांनी महाल भागातल्या एका विणकराकडून साडीच्या काठाचा चौकटींचा कागद आणला आणि मासिकातल्या चित्राशेजारी ठेवला. मोर आणि अंतराळयान, दोन्ही चौकोन मोजून केलेले. "हा कोष्टी अन् थो साहेब एकाच शाळेतले होत," ते म्हणाले, आणि तेच त्या आठवड्याचं शीर्षक झालं.

लिहिण्याआधी ते गणिताच्या वहीत ते दृश्य चौकोन-चौकोन रंगवायचे. पेपर काळापांढराच छापला जायचा, तरी. "मले दिसल्याबिगर लिहिता येत नाही," म्हणायचे. आणि रंगवताना विचारायचे, "वहिनी, रंग कोणता?"

फोटो काळेपांढरे. मजकुरात रंग क्वचितच. मी 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. पण मी म्हटलं, "लाल." कसा लाल? "भिवापुरी मिरचीसारखा." ते रंगवायला लागले. मला वाटलं, त्यात काय एवढं... पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. वर्षभर मी त्या सगळ्या खेळांना रंग दिले. दुपारची झापड असायची, पंखा हळूहळू फिरायचा, आणि मी डोळे मिटून सांगत जायचे. कुठलं यान केशरी, कुठला राक्षस मेंदीचा. पाणबुड्याच्या खेळाला तर मी फुटाळ्याचं अख्खं तळं दिलं, वर निळंहिरवं आणि तळाशी जांभळं. त्यावर भाऊजींनी लिहिलं की हा खेळ म्हणजे झोप लागणं आहे; माणूस एकेका रंगातून खाली उतरतो. त्यांचा सगळ्यात सुंदर लेख तो. पायाच नव्हता त्याला.

त्या लेखावर मौद्याहून एका चित्रकला शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलं. त्यांनी वर्गात तो लेख वाचून दाखवला होता आणि मुलींनी ते पाणी रंगवलं होतं. नागपुरात सीताबर्डीवर असे खेळ आल्याचं ऐकते, महिनाअखेरीस मुलींना एसटीने घेऊन येते, खरं पाणी दाखवायला, असं त्यांनी लिहिलं होतं.

भाऊजींनी ते पत्र खिशात ठेवलं आणि त्याच रविवारी मला सायकलरिक्षात बसवून सीताबर्डीवर नेलं. कापडाच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर, कपाटाएवढी चार यंत्रं. पाणबुड्याचा खेळ तिसऱ्यात होता. मी आधी पाहिलं...

पाणी काळं होतं. वरपासून खालपर्यंत काळंभोर, आणि त्यात एक पांढरा ठिपक्यांचा माणूस टुक् टुक् करत उतरत होता.

भाऊजी बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, आता विचारतील. परतताना रिक्षात मीच सगळं सांगितलं, वर्षभराचं. ते रस्त्याकडे पाहत होते. म्हणाले, "अन् थो मिरचीवाला?"

"तोही."

"मेंदीचा राक्षस?"

"तोही, भाऊजी."

"लय सुंदर होता जी थो," ते म्हणाले.

मुलींना यायला दोन आठवडे होते. गप्प राहिलं असतं तर स्तंभ चालला असता. नागपुरात कोण ते रंग तपासणार होतं? पण गुरुवारी ते टेबलाशी बसले आणि मासिक न उघडता लिहू लागले. 'हे खेळ न पाहता लिहिले, त्यातले रंग खरे नाहीत, ते मी लावले, मौद्याच्या मुलींची क्षमा मागतो.' मी वाचलं आणि म्हटलं, "इथे माझं नाव लिहा. रंग मी सांगितले."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "वहिनी, वर्षभर लेखावर तुमचं नाव टाकलं नाही. आता चुकीवर काहून टाकू?"

मी कागद तसाच परत दिला. हट्ट धरायला हवा होता.

लेख छापून आला आणि त्याच आठवड्यात संपादकांनी स्तंभ बंद केला. चुका काढणाऱ्यानेच अशी चूक करावी, असं ते चारचौघांत म्हणाले. भाऊजी पुन्हा नुसते मुद्रितशोधक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तेच राहिले.

बाई मुलींना घेऊन तरीही आल्या. भाऊजी जिन्यात उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. मुली आपापली चित्रं गुंडाळून घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या यंत्रापुढे घोळका झाला. दोन वेण्यांची एक मुलगी पडद्याकडे, मग आपल्या चित्राकडे पाहून म्हणाली, "काका, आमचं पाणी चांगलं हाये. याइलेच बदलाले सांगा न!" तेव्हा भाऊजी हसले होते. ईरा, त्या दुपारी फोनवर तू ऐकलंस ते तेच हसू. चाळीस वर्षांनी कोणीतरी खरंच पाणी बदललं होतं, आणि ते त्यांच्या घरातलं होतं.

ज्या पुरवणीत त्यांनी माझं नाव घातलं नाही, तिथे ते आज मी स्वतः घालते आहे. ते रंग मधुकररावांनी लावले नव्हते. ते सुमतीने, त्यांच्या वहिनीने, सांगितले होते.

ती गणिताची वही माझ्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. सीताबर्डीहून आल्यावर त्यांनी तीत पाणबुड्याच्या चित्रासमोरचं आणखी एक पान रंगवलं, हे मला परवा आवरताना कळलं. डावीकडे माझं निळंहिरवं पाणी आहे, उजवीकडे खरं, काळं. दोन्ही पानं शाबूत आहेत.